'पार्सल मिळालंच नाही': टपालाची खिडकी, कुरिअरचं पॅनल आणि ट्रॅव्हल्सची डिकी

पैठणची पैठणी, संभाजीनगरची हिमरू शाल, वसमतची हळद, तुळजापूरची कवड्यांची माळ. असा माल व्हॉट्सअ‍ॅप नि इन्स्टाग्रामवर विकणाऱ्यापुढे पार्सल धाडायच्या साधारण तीन वाटा असतात: टपालाची खिडकी, बरीच कुरिअर एकत्र करून देणारं एखादं ऑनलाइन पॅनल, नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सची डिकी. यांची तुलना बहुतेक वेळा दर आणि दिवस यांवरच होते. इथे कसोटी वेगळी लावली आहे. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय, ग्राहक म्हणतोय 'मला मिळालंच नाही', अशा वेळी विकणाऱ्याच्या हातात कागद म्हणून काय उरतं?

या कसोटीवर टपालाला पाचपैकी चार, पॅनलवरच्या कुरिअरला अडीच (ओटीपी चालू असेल तर तीन) आणि ट्रॅव्हल्सला शून्य.

मात्र 'मिळालं नाही' या दोन शब्दांत निदान पाच वेगळी प्रकरणं असतात. घरातल्या किंवा शेजारच्या कुणीतरी घेतलं आणि सांगायचं राहिलं. पार्सल तालुक्याच्या हबवर, म्हणजे कुरिअरच्या गोदामातच आहे आणि 'डिलिव्हर्ड' आधीच मारलं गेलं. सारख्याच नावाच्या दुसऱ्या गावाला गेलं. खोका आला, पण आत माल नव्हता किंवा दुसराच होता. आणि पाचवं, ग्राहक सरळ खोटं बोलतोय. पहिल्या चारांत ग्राहक खराच असतो, त्यामुळे पहिल्याच फोनला 'आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय' म्हणून तोडून टाकणारा विक्रेता पुढचा भांडणतंटा स्वतःच विकत घेतो. प्रत्येक प्रकरणाला लागणारा पुरावा वेगळा, आणि तो सगळा पार्सल निघण्याआधी तयार होतो. नंतर तो शोधायचा म्हटलं की हाती फक्त स्क्रीनशॉट लागतात.

टपालाची खिडकी

१ सप्टेंबर २०२५पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली. बऱ्याच विक्रेत्यांनी याचा अर्थ 'रजिस्टर बंद झालं' एवढाच घेतला. खरा फरक त्याच्या आतला आहे. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं. त्या घरात जो असेल तो सही करून घेऊ शकतो. रजिस्टर्ड मात्र व्यक्तीच्या नावावर असायचं: ज्याचं नाव त्याच्याच हाती, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्याच्या. ही सोय आता स्पीड पोस्टवर 'रजिस्ट्रेशन' नावाची जोडसेवा म्हणून मिळते, ५ रुपये अधिक जीएसटी देऊन. १ ऑक्टोबर २०२५पासून तिच्या जोडीला ओटीपी डिलिव्हरीही आली, तीही ५ रुपये अधिक जीएसटी. १८ टक्के धरून दोन्हींचे मिळून ११ रुपये ८० पैसे होतात.

'काकूंनी घेतलं असेल', 'शेजारच्या पोराने सही केली' हे सगळं प्रकरण या पावणेबारा रुपयांत मिटतं. दोनशे पार्सलांना दोन्ही सेवा लावल्या तर खर्च २,३६० रुपये. त्या दोनशेत अडीच हजारांची एक साडी बुडण्यापासून वाचली तरी पैसे वसूल. दोन-तीनशे रुपयांच्या हळदीला दोन्ही लावणं मात्र परवडत नाही. तिथे नुसता ओटीपी घ्या, तेवढा पुरतो.

दर विचारताना एक घोटाळा नेहमी होतो. ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये, हा जो तक्ता सगळीकडे फिरतो तो कागदपत्रांचा आहे. खोक्यातल्या साडीला पार्सलचा दर लागतो, आणि तो वजन नि अंतर बघून खिडकीवरच कळतो. तक्ता दाखवून क्लार्कशी वाद घालण्यात अर्थ नाही.

खिडकीची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे पावती. त्यावर १३ अक्षरी नंबर (आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी 'आयएन'), वजन, पिनकोड, तारीख आणि वेळ असते. वजन सरकारी काट्यावर, विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं. 'खोका रिकामा होता' या तक्रारीला यापेक्षा बोलकं उत्तर नाही: ६४० ग्रॅम बुक झालेला खोका रिकामा निघाला असेल, तर वाटेत उघडला गेला किंवा घरात. पुढची चौकशी त्या दोनच जागांपुरती उरते.

पण हीच पावती थर्मल कागदावर येते आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवली की दोन महिन्यांत कोरी होते. खिडकी सोडायच्या आधी तिचा फोटो काढायचा. त्याच वेळी तीन गोष्टी तपासायच्या: पिनकोड, नाव आणि ओटीपीसाठी टाकलेला मोबाइल नंबर. नंबरात एक आकडा चुकला तर ओटीपी भलत्याच माणसाला जातो, डाकसेवक दारात उभा राहून परत फिरतो आणि पार्सल माघारी येतं. चूक खिडकीवर दोन मिनिटांत सुधारते, बॅग बंद झाल्यावर नाही.

आता उणं. टपालाची भरपाई फारच किरकोळ आहे. स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतलं जे कमी ते, असा वर्षानुवर्षांचा नियम. ९० रुपये भरून धाडलेली आठ हजारांची पैठणी हरवली तर हाती येतात १८० रुपये. महाग मालाला विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो बुकिंगच्या वेळीच. २०२३चा टपाल कायदा जून २०२४पासून लागू झाला. त्यातही नियमांत ठरवून दिलेली सोडून टपाल खातं दुसरी जबाबदारी घेत नाही. म्हणजे टपाल पुरावा देतं, पैसे देत नाही. चार गुण त्या पुराव्याचे आहेत.

दुसरं उणं खेड्यांत दिसतं. गावचं टपाल शाखा डाकघरातून वाटलं जातं. ट्रॅकिंगवर पार्सल शाखेकडे निघाल्याची नोंद येते आणि त्यानंतर दोन दिवस काही हालत नाही. ते बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. ग्रामीण डाकसेवकाकडे असतं, नाहीतर घर बंद म्हणून परत ठेवलेलं असतं. ग्राहकाला सांगायचं, 'दादा, गावच्या पोस्टमास्तरांकडे नंबर दाखवून विचारा.' शंभरदा ट्रॅकिंग उघडून बघण्यापेक्षा हे लवकर होतं.

तक्रार करायची तर टपालाच्या संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या नंबरवर, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. 'डिलिव्हर्ड' दाखवत असेल तर तक्रारीत 'पार्सल मिळाले नाही' एवढंच लिहून भागत नाही. 'कोणाला, कोणत्या सहीवर किंवा ओटीपीवर, किती वाजता दिले ते कळवावे' असं लिहायचं. पहिल्या वाक्याला साचेबद्ध उत्तर येतं, दुसऱ्याला वाटप कार्यालयाला नोंद काढावीच लागते. उत्तर आलं नाही तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर त्याच क्रमांकासह.

पॅनलवरचं कुरिअर

एका लॉगिनवर पाच-सहा कुरिअर, घरी पिकअप, कॅश ऑन डिलिव्हरी आणि साधारण दर आठवड्याला पैसे. रोज पंधरा-वीस पार्सलं काढणाऱ्याला हे सोडवत नाही, आणि मोठ्या शहरांत काम चांगलं होतं. अडचण तालुक्याच्या पुढे सुरू होते. कुरिअरच्या भाषेत बरीच गावं 'आउट ऑफ डिलिव्हरी एरिया' असतात. पिनकोड टाकला की पॅनल 'सेवा उपलब्ध' म्हणतं, कारण तो पिनकोड तालुक्याच्या गावाचाही असतो. मग हबवरून फोन जातो: 'पार्सल आलंय, स्टँडवर येऊन घ्या.' ग्राहक म्हणतो, 'उद्या येतो.' इकडे दिवसाचा आकडा पुरा करायचा म्हणून कुणी 'डिलिव्हर्ड' मारतो, कुणी 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा टाकतो. आपण वर पाहिलेलं दुसरं प्रकरण इथेच जन्मतं.

ओटीपीची सोय पॅनलवरही असते, पण बऱ्याचदा ती वेगळी चालू करावी लागते, आणि प्रत्येक कुरिअर ती प्रत्येक पिनकोडला पाळतंच असं नाही. चालू केल्यावर एक पार्सल ओळखीच्या घरी पाठवून ओटीपी खरंच मागितला जातो का ते बघावं. ओटीपीची मर्यादाही लक्षात ठेवा. 'नंबर सांगा, नाहीतर पार्सल परत जाईल' असं फोनवर म्हटल्यावर लोक सांगून टाकतात. ओटीपी दिला गेला हे त्याने सिद्ध होतं. पार्सल त्या क्षणी हातात पडलं, आणि आत माल होता, हे होत नाही.

डिलिव्हरीचा पुरावा मागताना 'पीओडी पाठवा' एवढंच लिहिलं तर ट्रॅकिंगचाच स्क्रीनशॉट परत येतो. चार गोष्टी नावं घेऊन मागायच्या: घेणाऱ्याची सही किंवा फोटो, ओटीपी जुळल्याची वेळ, डिलिव्हरी झाली तिथलं जीपीएस ठिकाण आणि डिलिव्हरी करणाऱ्याच्या फोनवरून ग्राहकाला गेलेल्या कॉलची नोंद. यातलं जीपीएस सगळ्यात उपयोगी. ग्राहकाचं गाव अंबाजोगाईपासून बारा किलोमीटर आत आहे आणि डिलिव्हरीचं ठिकाण अंबाजोगाईतच दाखवतंय, तर कुरिअरला जबाबदारी टाळता येत नाही. पॅनलच्या करारात 'डिलिव्हर्ड' पार्सलवर वाद नोंदवायची मुदत फार थोडी असते, बहुतेक वेळा दिवसांतच मोजण्यासारखी. करार उघडून तो आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. ग्राहकाचा निरोप आठव्या दिवशी आला आणि मुदत सातची असेल, तर पुढे सगळी समजूत वाया.

वजनाचंही इथे उलटं असतं. पॅनलवर वजन विक्रेता भरतो, आणि कुरिअर हबवरच्या काट्यावर ते बदलून जास्त पैसे कापतं. हा वाद वेगळा, पण त्याचा एक फायदा आहे: हबवर झालेल्या वजनाचा फोटो कधीकधी पॅनलवरच मिळतो, आणि रिकाम्या खोक्याच्या तक्रारीत तोच कामाला येतो. जादा कापले गेले म्हणून चिडून तो फोटो पुसू नका.

ट्रॅव्हल्स

लातूर-पुणे किंवा नांदेड-पुणे ट्रॅव्हल्समध्ये पार्सल टाकलं की सकाळी मिळतं, शंभर-दीडशे रुपयांत. चिठ्ठीवर एक मोबाइल नंबर असतो, आणि जो येऊन नाव सांगेल त्याला पार्सल दिलं जातं. ओळखीच्या माणसाला धाडायला ठीक. अनोळखी ग्राहकाचा माल यात टाकायचा असेल तर तो बुडाला असं धरूनच टाकावा.

खोका बंद करताना

वाद होणार की नाही हे आधी कळत नसतं, म्हणून ज्या मालाची किंमत हजाराच्या वर आहे त्याला प्रत्येक वेळी एकाच ठरलेल्या पद्धतीने व्हिडिओ काढायचा. एकही कट नको. आधी लेबल वाचता येईल इतकं जवळून, मग माल उलटसुलट, साडी असेल तर पदर आणि काठ, मग खोक्यात घालणं, टेप, काट्यावर वजन, आणि शेवटी पुन्हा तेच लेबल. तीस-चाळीस सेकंद पुरतात. टॅम्पर-प्रूफ (उघडली की कळणाऱ्या) पिशवीवर छापलेला क्रमांकही दिसू द्यावा, आणि तोच क्रमांक बिलावर हाताने लिहावा. उघडून परत चिकटवलेली पिशवी ग्राहकाने खोका उघडताना काढलेल्या व्हिडिओत लगेच दिसते.

मूळ फाइल फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर जशीच्या तशी ठेवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, ती फाइलच वेगळी होते. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, द्यावं लागतं. ते मूळ फाइलवरूनच काढायचं.

पत्त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठवाड्यातले अर्धे घोळ इथलेच. वडगाव, पिंपळगाव, सावरगाव ही नावं जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतात. मु., पो., ता., जि. हे चारही रकाने भरल्याशिवाय ऑर्डर पक्की धरू नये. गाव आणि पोस्ट यात फरक आहे हे तरुण ग्राहकांना माहीत नसतं, 'पो.' विचारून घ्यावंच लागतं. २०२३मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली. ग्राहक धाराशिव लिहितो आणि एखाद्या पॅनलच्या यादीत अजून जुनं नाव असतं. तिथे तारतो पिनकोड. लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१, बीड ४३११२२, परभणी ४३१४०१, नांदेड ४३१६०१. लातूर-धाराशिवचे ४१३ने सुरू होतात आणि बाकी बहुतेक मराठवाड्याचे ४३१ने. उदगीरच्या पत्त्यावर ४३१ दिसला तर तिथेच थांबून विचारायचं.

मे २०२५मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा एक संकेत. शेतातल्या वस्तीवर, तांड्यावर राहणाऱ्या ग्राहकाकडून तो मागून लेबलवर छापून ठेवावा. डिलिव्हरी करणारा तो रोज वापरेलच असं नाही, पण जीपीएस नोंदीशी ताडून बघायला विक्रेत्याला तो सोन्यासारखा.

आणि दोन मोबाइल नंबर. ऑर्डर पोरगा पुण्याच्या कंपनीतून देतो, पार्सल गावी आई घेते, ओटीपी येतो पोराच्या फोनवर, आणि तो नेमका शिफ्टला असतो. पैसे देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही नंबर घ्या, आणि ओटीपीसाठी घेणाऱ्याचा द्या. बीड जिल्ह्यात पाटोदा, धारूर, वडवणी भागातल्या पत्त्यांसाठी आणखी एक: दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांना मार्चपर्यंत कुलूप असतं किंवा घरात फक्त म्हातारी माणसं असतात. या काळात फोन करून 'घरी कोण आहे' हे विचारल्याशिवाय पार्सल काढायचं नाही.

तक्रार आल्यावर

पहिल्या तासात तीन कामं. ट्रॅकिंगची सगळी पानं तारीख-वेळेसह जतन करणं, टपाल किंवा पॅनलवर वाद नोंदवणं, आणि ग्राहकाला लेखी उत्तर. उत्तरात आरोप नको, तारीख हवी: 'ताई, पार्सल मंगळवारी दुपारी दिल्याची नोंद आहे. घरात आणि शेजारी एकदा विचारून सांगाल का? ओटीपी आला होता का? आम्ही पुरावा मागवलाय, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळवतो.' खऱ्या ग्राहकाचं अर्ध्या वेळा यातच 'अहो, जावेने घेतलं होतं' असं उत्तर येतं. नसेल तर ग्राहकाकडूनही चार ओळी लिहून घ्यायच्या: पार्सल मिळालं नाही, ओटीपी कुणाला दिला नाही, घरात कुणी घेतलं नाही. खोटं बोलणारे बरेचसे याच टप्प्यावर गप्प होतात. लिहून द्यायला हात चालत नाही.

खोका मिळाला पण माल नाही अशी तक्रार असेल, तर उघडतानाचा व्हिडिओ, पिशवीच्या चारही बाजू आणि लेबलचा फोटो मागावा. व्हिडिओ नसेल तर तेवढ्यावरून ग्राहक खोटा ठरत नाही. अट आधी सांगितली नसेल तर तिच्यावर बोट ठेवता येत नाही, म्हणून ती ऑर्डर पक्की करतानाच्या मेसेजमध्येच असावी.

कायद्यातही विक्रेता अगदी मोकळा नाही. १९३०च्या माल विक्री कायद्याचं कलम ३९ म्हणतं की वाहकाच्या ताब्यात माल दिला की प्रथमदर्शनी तो खरेदीदाराला दिला असं धरावं. हे वाक्य दाखवून हात वर करणारे भेटतात. पण ग्राहक संरक्षणाचे २०२०चे ई-कॉमर्स नियम वेगळी भाषा बोलतात: सांगितलेल्या मुदतीनंतर आलेल्या मालाचा परतावा नाकारता येत नाही, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा एका महिन्यात. ग्राहक १९१५वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, गेला तर तिथे कलम ३९ कुणी ऐकून घेणार नाही. उलट कुरिअरविरुद्ध विक्रेत्यालाही जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, स्वयंरोजगारातून पोट भरणारा असेल तर. मुदत दोन वर्षं, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

पैसे कसे आले होते यावरही पुढचं ठरतं. कार्ड आणि पेमेंट गेटवे असेल तर बँकेकडून चार्जबॅक (ग्राहकाच्या तक्रारीवरून पैसे परत घेण्याची मागणी) येतो, आणि उत्तर द्यायला मोजके दिवस मिळतात. त्यात बिल, पावती, डिलिव्हरीचा पुरावा, चॅट एकाच पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने. दहा सुटे फोटो धाडले तर ते कुणी जोडून वाचत बसत नाही. स्वतःच्या यूपीआय नंबरवर पैसे घेणाऱ्याला चार्जबॅक येत नाही म्हणून बरं वाटतं, पण चिडलेला ग्राहक १९३० या हेल्पलाइन नंबरवर सायबर तक्रार करतो आणि बँक तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातं, गोठवते. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं एकच असेल तर दूधवाल्याचे पैसेही अडकतात. धंद्यासाठी चालू खातं वेगळं हवं ते यासाठी. गोठवलं गेलं तर बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्यायचं, आणि तीच पीडीएफ तपास अधिकाऱ्याला द्यायची.

परतावा द्यायचा ठरला तर ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात. 'माझा तो नंबर बंद आहे, या दुसऱ्यावर टाका' म्हटलं की थांबायचं. उद्या पहिला खातेदार विचारायला आला तर दुसऱ्यांदा द्यावे लागतील. चारशे रुपयांच्या वस्तूसाठी महिनाभर झुंजण्यापेक्षा माल पुन्हा धाडावा, पण त्या पत्त्यासमोर वहीत खूण करावी. दुसऱ्या वेळी त्याच पत्त्याला ओटीपी आणि रजिस्ट्रेशन दोन्ही, कॅश ऑन डिलिव्हरी नाही.

ग्राहकाचा फोटो आणि नंबर 'फ्रॉड' म्हणून विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकायची चाल वाढली आहे. ती आपल्याच अंगलट येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो, आणि तो लढवताना पार्सलचा मूळ वाद बाजूलाच राहतो.

राहिलं माघारी आलेलं पार्सल. कुरिअरवाला घाईत असतो, 'लवकर सही करा' म्हणतो. खोका दाबलेला, टेप बदललेली किंवा वजनाला हलका वाटला तर सही करण्याआधी त्याच्या मशीनवर किंवा कागदावर तसा शेरा लिहून घ्यायचा, आणि त्याच्यासमोरच, लेबल दाखवत, कट न करता उघडायचं. शेरा न लिहिता सही केली की आतली जुनी साडी तुमचीच.